बारा सूत

माझ्या भावाला पोलीस व्हायचं होतं आणि त्याला बारा सूत कमी पडले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार-गवंडी त्यातच मोजतात. बारा सूत म्हणजे दीड इंच. एवढ्याशा दीड इंचासाठी आमच्या घरानं दोन वर्षं काय काय केलं, आणि त्यात मी काय केलं, ते आता एकदाचं लिहून टाकते.

आम्ही अकोल्यात राहत होतो, मोर्णा नदीच्या काठाला, जिनांच्या पाठीमागे. बाप जिनात कामाला. कापसातून सरकी वेगळी करायच्या त्या कारखान्यातून तो घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवरसुद्धा रुई असायची आणि खोकल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं व्हायचं नाही. माय शेतांवर मजुरीला जायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आमच्या वस्तीला वर्ष झालं होतं. घरातले देव बापानं टोपल्यात घालून मोर्णेत सोडले आणि त्या दिवशी आम्हा दोघा भावंडांना समोर बसवून विचारलं, "आता सांगा, तुमाले काय व्हाचं हाय?" आमच्या घरात हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. भाऊ म्हणाला, "पोलीस." मी म्हणाले, "मास्तरीण." बाप दोघांकडे पाहून हसला, पण मान हलवली ती भावाकडे पाहून.

भावाचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तो आठ-नऊ वर्षांचा असताना जिनाच्या फाटकावर एका शिपायानं बापाच्या कानाखाली मारली होती. रुईचा एक गठ्ठा सापडत नव्हता, एवढंच. गठ्ठा नंतर आतच सापडला. बाप ते विसरला, किंवा विसरल्यासारखं करायला शिकला. भाऊ विसरला नाही. त्या शिपायाच्या तोंडाकडे बघायला मान पार मागे टाकावी लागली होती, हे तो मोठा झाल्यावरही सांगायचा.

एकोणिसाव्या वर्षी तो अकोल्यातच भरतीला उभा राहिला. सातवी पास होता, धावण्यात पुढच्या दहांत आला, छाती फुगवली ती मापापेक्षा जास्त भरली. उंची मात्र पाच फूट पाच इंच हवी होती आणि तो भरला पाच फूट साडेतीन इंच. मोजणाऱ्या जमादारानं त्याला हाकललं नाही. उलट खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लहान आहेस अजून. वाढशील. दोन वर्षांनी ये." त्या भल्या माणसाच्या ह्या तीन वाक्यांनी आमचं घर बुडवलं. शिव्या देऊन हाकललं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी भावानं भिंतीवर कोळशानं आपला बेत लिहिला. सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात 'फौजदार'. त्याच्या खाली जमादार, त्याच्या खाली शिपाई, आणि तळाशी, जिथून चढायचं तिथं, 'उंची'. उंचीच्या पुढे सगळा तपशील. दिवसातून तीनदा कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळणे. भिजवलेले चणे. शेळीचं दूध. आंबट बंद. उशी बंद. पाय पसरून सरळ निजणे. आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून, 'डोक्यावर बोजा नाही'.

आंबट बंद म्हणजे सगळ्या घराला बंद, कारण दोन वेगळ्या भाज्या शिजवायला मायकडे सरपण नव्हतं. अंबाडीची भाजी आमच्या चुलीवरून गेली ती गेलीच. शेळीचं दूध बापाच्या खोकल्यासाठी होतं, ते भावाच्या पेल्यात गेलं. आपल्यापायी पोरानं पोलीस व्हायचं ठरवलं आहे, ह्याचं बापाला इतकं ओझं झालं होतं की दुधाचं काय, त्यानं स्वतःची छातीसुद्धा कापून दिली असती.

पण खरा घात शेवटच्या ओळीनं केला. डोक्यावर बोजा घेतला की हाडं बसतात आणि उंची मरते, असं भावाला तालमीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. आमच्या घरात तर उचलायला दुसरं काही नव्हतंच. लांबच्या विहिरीवरून पाणी, सरपणाच्या मोळ्या, शेळीचा चारा, वेचणीच्या दिवसांत कापसाची गठुडी. हे सगळं भाऊ उचलायचा, कारण मायची कंबर माझ्या वेळच्या बाळंतपणात गेली होती. त्यानं आपली चुंबळ, डोक्यावर हंडा बसवायला करतात ती चिंध्यांची कडी, माझ्या हातात दिली. "घे. तुले कोठी भरती व्हाचं हाय!" आणि हसला. मायही हसली.

मला भरती व्हायचं नव्हतं, पण सातवीची परीक्षा द्यायची होती. तेव्हा सातवी झालेल्या मुलीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घेत. म्हणजे माझ्याही पायऱ्या ठरलेल्या होत्या. सातवी, मग अमरावतीला ट्रेनिंग, मग कुठल्याही गावची कसलीही शाळा. मी त्या कुठं लिहिल्या नव्हत्या. भिंत भावानं भरून टाकली होती.

महिनाभर मी पाणी भरून शाळेत धावले. मग गैरहजेऱ्या वाढल्या, मग शाळा सुटली. आमच्याच वस्तीतले एक गुरुजी मला शिकवायला होते. ते घरी आले.

"हिचं नाव शाळेतून काढू नका," ते बापाला म्हणाले. "वर्गात अशी दुसरी मुलगी नाही. परीक्षेला पाच महिने राहिलेत."

बाप खोकत राहिला. उत्तर भावानं दिलं. "गुरुजी, दोन वर्साचा सवाल हाय. मी एकडाव भरती झालो का हिले पाह्यजे तेवढं शिकवीन."

"आणि तोवर?"

"तोवर पाणी कोण आणीन? तुमी?"

गुरुजी उठले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी हंडा डोक्यावर चढवत होते, मला मान वळवता आली नाही.

मी भावाचा द्वेष करू लागले. बहिणी रुसतात तसं नाही, द्वेष. माझ्या टाळूवरचे केस विरळ झाले. मान रात्रंदिवस ठणकायची. मी तेरा वर्षांची, वाढायच्या वयात होते आणि माझी उंची चार फूट नऊ इंचांवर थांबली ती कायमची. बोज्यानं उंची मरत असेल तर कुणाची मेली, हे आमच्या घरात कुणी मोजलं नाही.

निजलेल्या माणसाला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, असं सगळे मानत. देव सोडले तरी ही समजूत नदीत सोडायची राहून गेली होती. एका खोलीचं घर, त्यात भाऊ लांबलचक पसरलेला. आम्ही तिघं भिंतीला अंग घासत जायचो. चुकून कुणी ओलांडलंच तर लगेच उलट पावली ओलांडून दोष काढायचा. एका दुपारी तो घोरत असताना मी त्याला मुद्दाम ओलांडून गेले, आणि परत आले ती भिंतीकडून.

घराच्या मधोमध आढं पेलणारी मेढ होती, सागवानी खांब. भावानं सुताराकडून तिच्यावर जमिनीपासून बरोबर पाच फूट पाच इंचांवर एक खिळा मारून घेतला होता. दर पौर्णिमेला वंदना झाली की तो टाचा मेढीला लावून ताठ उभा राहायचा. मी पिढ्यावर चढून त्याच्या डोक्यावर माझी पाटी आडवी धरायची आणि पाटी टेकेल तिथं रेघ ओढायची. पाटीला आता दुसरं काम उरलं नव्हतं. पहिल्या पाच पौर्णिमांना रेघ पहिल्या रेघेवरच बसली. पाचव्या वेळी त्यानं मला थोबाडीत दिली. "दाबून धरतं तू पाटी! मुद्दाम दाबतं!"

मी दाबत नव्हते. तोवर मी काहीच केलं नव्हतं.

त्याच महिन्यात मेढीच्या बुडाला वाळवी लागली. मायनं सांगितलं, कडुलिंबाचा पाला ठेचून मातीत कालव आणि तिथं जाड लेप दे. मायला जमिनीपर्यंत वाकता येत नसे, म्हणून घर सारवणं माझ्याकडेच होतं. मी मेढीभोवती लेप दिला, चोपला, वाळल्यावर वरून शेणानं सारवलं. पौर्णिमेला भाऊ उभा राहिला आणि पाटी रेघेच्या वर बसली. चांगलं एक सूत वर.

त्यानं मला उचलून गरागरा फिरवलं. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला कळायला थोडा वेळ लागला: तो माझ्या लेपावर उभा होता. मी सांगणार होते. खरंच सांगणार होते, तोंड उघडलं होतं. पण त्यानं मला खाली ठेवलं आणि तो मायला म्हणाला, "पाह्यलं? बोजा बंद केला म्हून." मी तोंड मिटलं.

त्या दिवशी मी माझा बेत आखला. भावाच्या बेतात पायऱ्या तीन-चार होत्या, माझ्यात बारा. अकरा उरल्या होत्या. दर पौर्णिमेला एक सूत, कधी एकही नाही, पण दोन कधीच नाहीत. एकदम जाड थर दिला तर तो तडकतो आणि उंचवटा नजरेत भरतो. म्हणून माती चाळून घ्यायची, शेण आणि भुसा घालून दोन दिवस मुरू द्यायची, आणि थर मेढीपाशी जाड ठेवून दारापर्यंत पातळ करत न्यायचा. आधीचा पुरता वाळल्याशिवाय पुढचा नाही. शाळेत मी असं मन लावून काही केलं नव्हतं. शेजारच्या बाया सारवण बघायला यायच्या आणि म्हणायच्या, पोट्टी घराले लय जपते. पुरुषांना काही दिसलं नाही. सारवलेली जमीन त्यांना आयती मिळते, ते तिच्याकडे कशाला पाहतील.

माय बाई होती, तिला एकदा ठेच लागली. "जमीन चढली काय व इथं?"

"वाळवीसाठी जाड देऊन राहिली," मी म्हणाले.

माय माझ्याकडे पाहत राहिली. मग कंबरेवर एक हात ठेवून कशीबशी वाकली, दुसरा हात जमिनीवरून मेढीपासून दारापर्यंत फिरवला, "साजरी बसली" म्हणाली आणि चुलीकडे गेली. तिला किती कळलं, ते मी तिला विचारलं नाही.

गंमत अशी की घरात सुख आलं. भाऊ मारायचा थांबला. प्रत्येक पौर्णिमेला वस्तीत गूळ वाटायचा. चालताना मान ताणून चालायचा, जणू वरून कुणी केसाला धरून ओढतंय. तालमीतली पोरं त्याला फौजदार म्हणू लागली आणि तो ओ देऊ लागला. कधीकधी मला त्याची दया यायची. दया आली की मी हंडा आठवायची. आठवायलाही नको होतं, तो डोक्यावरच असायचा. मला काय हवं होतं ते सरळ सांगते. भर मैदानात, सगळ्यांच्या देखत, त्यानं बुटकं ठरावं, एवढंच मला हवं होतं. त्याच्या पुढचा विचार मी केला नव्हता.

तीन सूत राहिले असताना गुरुजी पुन्हा आले. सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉयची जागा निघाली होती, कायमची. गुरुजींच्या ओळखीचे एक कंपाउंडर तिथं होते आणि सातवी पास पोरगा हवा होता. बाप उठून उभा राहिला. इतक्या लवकर उठताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

भाऊ मात्र हसला. "तीन सूत राहिले गुरुजी. तीन सुतासाठी लोकायचं हगलं-मुतलं उचलू काय जल्मभर?"

"अरे, हातात आलेली जागा आहे," गुरुजी म्हणाले. "घे. पुढं उंची भरली तर सोड. कुणी बांधून ठेवलंय का?"

"थो बोजा उचलायचा धंदा हाय. स्ट्रेचर, पेशंट. केलं तेवढं सगळं वाया जाईन."

बाप माझ्याकडे वळून म्हणाला, "तूच सांग व ह्याले. तुह्या हातानं मोजतं ना तू? भरन का हा?"

मी चहा गाळत होते. सगळे माझ्याकडे पाहत होते. एक वाक्य पुरे होतं, आणि त्या वाक्यानं भावाची नोकरी वाचली असती, कदाचित माझी सातवीही. "भरन," मी म्हणाले. "दर पुनवेले वाढून राहिला." आणि कपबशी गुरुजींच्या हातात दिली. जागा आठवड्यात दुसऱ्या कुणाला मिळाली.

नवं राज्य झालं त्या सुमारास अमरावतीला भरती निघाली. तोवर भावाचं डोकं खिळ्याला टेकलं होतं. टेकलं त्या पौर्णिमेला बापानं सगळ्या वस्तीला जेवायला बोलावलं आणि जो तो येऊन त्याला मेढीशी उभं करून पाहून गेला. बडनेऱ्याला मामाकडे मामी बाळंत होती, तिच्या हाताखाली म्हणून मला भावाबरोबर धाडलं. पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरलो. वळकटी आणि भाकरीचं गाठोडं माझ्या डोक्यावर. त्या दिवशी तर त्यानं खिशात रुमालसुद्धा जड होईल म्हणून ठेवला नव्हता. सकाळी तो अमरावतीला मैदानावर गेला आणि मामीनं मला त्याची भाकर घेऊन मागोमाग पाठवलं.

मी कुंपणाच्या तारेशी उभी राहिले. उंचीची रांग माझ्यापासून वीस पावलांवर होती, बोलणं ऐकू येत होतं. भाऊ बनियन घालून, हनुवटी वर करून उभा होता. त्यानं मला पाहिलं आणि हात हलवला. त्याची पाळी आली. तो टाचा लावून उभा राहिला आणि जमादारानं आडवी पट्टी खाली आणली.

"पाच साडेतीन. पुढचा."

भाऊ हसला. "सायेब, परत पाहा."

जमादारानं परत पाहिलं. "पाच साडेतीन. चल, हो बाजूला."

"सायेब, इथली जमीन बसली असन," भाऊ म्हणाला. अगदी अदबीनं, समजावून सांगितल्यासारखं. "खड्डा असन पायाखाली. मी घरी पाच पाच भरतो. खिळ्याले टेकतो."

"खिळ्याले टेकतो!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी रांग हसली. जमादारही हसला. त्यानं करमणूक म्हणून भावाला बाजूच्या दगडी पायरीवर उभं केलं, टेप लावला आणि मोठ्यानं सांगितलं, "इथं पण पाच साडेतीन! ही पण बसली का जमीन?" पुन्हा हशा. भाऊ एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता आणि पाहताना टाचा उचलत होता.

मला वाटलं होतं मला आनंद होईल. झाला. खोटं कशाला बोलू, पोटात गरम वाटलं इतका झाला. हशा थांबेपर्यंत टिकला. मग भाऊ तारेपाशी आला, माझ्या हातातली भाकर घेतली आणि उभ्यानंच खाऊ लागला. खाताना म्हणाला, "आपल्या लोकायले घ्याचं नाई त्याइले. म्हून माप मारलं." मी हो म्हणाले.

तशी मापं मारली जात नव्हती असं कुणी म्हणू नये. आमच्या लोकांची मापं रोज मारली जात होती, शाळेत, कचेरीत, विहिरीवर. म्हणूनच वस्तीनं त्याच्यावर एका शब्दानं शंका घेतली नाही. सगळ्यांनी डोळ्यांनी त्याला खिळ्याला टेकलेला पाहिला होता. बाप आयुष्यात पहिल्यांदा ओरडून बोलला. वरपर्यंत अर्ज करायचं ठरलं आणि अर्ज लिहायला गुरुजी आले. खरी उंची अर्जात लिहायला पाहिजे म्हणून त्यांनी शाळेतला टेप आणला.

घर माणसांनी भरलं होतं. गुरुजींनी भावाला मेढीशी उभं केलं, टाचेपासून डोक्यापर्यंत टेप लावला आणि आकडा दोनदा वाचला: पाच साडेतीन. मग त्याला बाजूला करून जमिनीपासून खिळ्यापर्यंत टेप लावला. पुन्हा तेच. मग ते खाली बसले आणि मेढीच्या बुडाशी नखानं माती खरवडली. थर निघाला. त्याखाली थर. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, फक्त माझ्याकडे. भाऊही खाली बसला. त्यानं खुरपं घेतलं आणि उकरू लागला. ढलपे निघत गेले, शेण, माती, शेण, माती, बोटभर, मग दीड बोट. लोक एकेक करून बाहेर पडले. बाप खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजला.

भाऊ उकरता उकरता थांबला. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. तो मारणार, कदाचित जीवच घेणार, हे धरूनच मी उभी होते, आणि खरं तर मला ते चालणार होतं. तो उठला, माझ्याजवळ आला, माझे दोन्ही हात धरले आणि रडू लागला. "माह्या मनाले बरं वाटावं म्हून केलं तू," तो म्हणाला. "दोन वर्सं. येवढी माती वाहून. माह्यासाठी."

गुरुजी टेप गुंडाळत होते. जाताना दारात माझ्यापाशी थांबले. "तू हुशार आहेस, हे मी तुझ्या बापाला तेव्हाच सांगितलं होतं," ते म्हणाले आणि गेले. त्यानंतर त्यांनी आमच्या घरात पाऊल ठेवलं नाही.

भाऊ कापसाच्या बाजारात हमालीला लागला. उंची राखायची नव्हती, आता बोजा हाच धंदा. दोन-तीन वर्षांत त्याची मान खांद्यात गेली. पण येईल त्याला तो एकच गोष्ट सांगायचा: माझ्या बहिणीनं माझ्यासाठी जमीन वर उचलली. ऐकणारे माझ्याकडे कौतुकानं पाहायचे. मला त्यानं पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. हंडा, मोळी, चारा, सगळं कामावर जायच्या आधी तोच करून टाकायचा.

तो हमालीला लागला त्याच वर्षी मी माझ्या पायऱ्या पुन्हा मोजल्या. सातवीला बाहेरून बसता येत होतं. मी पंधरा वर्षांची होते, फार उशीर झाला नव्हता. मी त्याला तसं म्हटलं.

"आता तू काईच करू नको," तो म्हणाला. "लय केलं तू माह्यासाठी. आता तुले फक्त सुखात ठेवायचं हाय."

सुख त्यानंच शोधून आणलं. मामाच्या ओळखीनं अमरावतीचा एक मुलगा, पोलिसांतला शिपाई, उंच. मला न विचारता होकार देऊन आला आणि घरात शिरतानाच म्हणाला, "त्याच्या क्वार्टरले नळ हाय. जल्मात हंडा उचलावा लागणार नाई तुले." डोकं खिळ्याला टेकलं त्या दिवसासारखं त्याचं तोंड फुललं होतं. मी म्हणाले, मला लग्न नको, परीक्षा द्यायची आहे. तो म्हणाला, लग्नानंतर देजो, नवरा शिकलेला हाय. मी रडले. लग्न म्हटलं की पोरी रडतात, असं माय म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याला खरं सांगितलं. दुसरा उपाय उरला नव्हता. माझा द्वेष त्याला कळला तर तो लग्न मोडेल, मला घराबाहेर काढेल, आणि मग मी गुरुजींच्या पाया पडून सातवीला बसेन, असा माझा शेवटचा बेत होता. तो अंगणात मांडवाच्या बांबूंना सुतळी बांधत होता.

"भाऊ, मी तुह्या मनासाठी नोयतं केलं," मी म्हणाले. "सूड म्हून केलं. तुही फजिती व्हावी म्हून. दवाखान्याच्या नोकरीच्या वक्ती मले मालूम होतं, तरी मी बोलली नाई. तू माही शाळा सोडवली. मले तुह्या तोंडाकडे पाहू वाटत नाई."

त्यानं सुतळी दातात धरली होती ती काढली. माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडावर हसू आलं, आणि डोळे भरले.

"माय," त्यानं हाक मारली, "माय, इकडं ये. पाह्य हे काय बोलून राहिली. मले सोडून जायाचं जिवावर आलं तिच्या, तं मीच तिले हाकलून द्यावं म्हून कायबाय बोलते."

माय पिठाचे हात घेऊन दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. जमिनीवरून हात फिरवायच्या आधी तिनं पाहिलं होतं तसंच पाहिलं, आणि मला कळलं की तिला तेव्हापासून सगळं ठाऊक होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिच्या एका शब्दावर सगळं होतं.

"हो रे बाप्पा," माय भावाला म्हणाली. "लहानपणापासूनच लय जीव हाय तिचा तुह्यावर."

आणि पोळ्या करायच्या होत्या म्हणून ती आत गेली. भावानं माझ्या टाळूवर हात ठेवला, जिथं केस नव्हते तिथं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता माझं लग्न लागलं.